गोधडी पाळण्यात नको म्हणाले, म्हणून शिवणे थांबवावे का?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनीच्या थोरल्या भावाच्या घरी दोन महिन्यांत पहिले बाळ येणार आहे. त्या अलीकडेच शिवणयंत्रावर शिवायला शिकल्या आहेत. आत्या होण्याच्या आनंदात त्यांनी भरपूर कापूस घातलेली गोधडी, पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायचे मऊ लोड, छोटी उशी, बटणांचे डोळे असलेला ससा, नाड्यांची झबली आणि टोपडी असा संपूर्ण संच करायला घेतला. वहिनींना छायाचित्रे पाठवल्यावर त्यांनी कौतुक केले, पण सोबत असेही कळवले की पाळण्यात गादी आणि चादर यांखेरीज काहीही ठेवायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. पत्रलेखिकेच्या आईला हे नवे फॅड वाटते, कारण दोन्ही मुलांना तिने उशी आणि गोधडीतच वाढवले. गोधडीचे धावदोरे अर्धे राहिले आहेत आणि हात पुढे सरकत नाही. भावाकरवी वहिनींची समजूत घालावी, काही न बोलता सगळे नेऊन द्यावे, की शिवणेच थांबवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. सात वर्षांच्या मुलालाही बाळासाठी काहीतरी करायचे आहे, असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. "दुकानातून आणलेले त्यांना चालते, मी हाताने शिवलेले चालत नाही," असे तुम्ही लिहिले आहे. वहिनींचा निरोप तुम्ही पत्रात शब्दशः उतरवला आहे आणि त्यात हाताने शिवलेल्या वस्तूंबद्दल एक अक्षरही नाही. त्यात फक्त पाळण्यात काय ठेवायचे याबद्दल लिहिले आहे. तोच लोड आणि तीच उशी तुम्ही सर्वांत महागड्या दुकानातून आणली असती, तरी त्यांनी हेच उत्तर दिले असते. रात्री जागून केलेले काम बाजूला ठेवले जाते तेव्हा मन दुखावणारच, त्यात तुमचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण वहिनी जे बोलल्याच नाहीत, त्याचे दुःख तुम्ही उगाच वाहत आहात, असे मला वाटते.

आता वहिनींच्या नियमाकडे वळू, कारण तो नीट समजला तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतील. तान्ह्या बाळाला आपले डोके हवे तसे वळवता येत नाही. नाकातोंडाशी मऊ कापड किंवा उशी आली तर ते बाजूला सारण्याचे बळ त्याच्यात नसते, आणि आपणच सोडलेला श्वास ते पुन्हा आत घेत राहते. जाड पांघरुणाने शरीर प्रमाणाबाहेर तापते, हा आणखी एक धोका आहे. म्हणून पहिले वर्षभर बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर, ताणून बसवलेल्या एकाच चादरीवर झोपवावे आणि जवळ उशी, गोधडी, लोड किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे झोपवू नका असा सल्ला दिला, १९९४ पासून त्याचा मोठा प्रचार झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे तिथले प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. पाळण्यातील मऊ वस्तूंविषयीची सूचना याच अनुभवातून आणि अभ्यासातून पुढे आली आहे.

आईला हे सांगताना तिने तुम्हाला चुकीचे वाढवले असा सूर चुकूनही लागू देऊ नका. तिने त्या काळी उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम माहितीनुसार आणि अपार काळजीने वाढवले. एखाद्या घरात असा प्रसंग घडण्याची शक्यता फार कमी असते, म्हणूनच बहुतेक घरांचा अनुभव "आमच्याकडे कधी काही झाले नाही" असाच असतो. हजारो घरांचा हिशेब एकत्र मांडल्यावर जे दिसते, ते एका घरातून दिसू शकत नाही. एवढे शांतपणे सांगितले तर बहुतेक आज्यांना पटते, असा माझा अनुभव आहे.

कठड्याच्या लोडांविषयी मात्र मी स्पष्टच सांगते, की ते देऊ नका. पूर्वी पाळण्याच्या गजांमध्ये इतके अंतर असे की बाळाचे डोके अडकण्याची भीती होती, म्हणून लोड बांधण्याची रीत पडली. आता सुरक्षिततेच्या नियमांनुसार हे अंतर साधारण ६ सेंमीच्या आसपास ठेवले जाते, त्यामुळे लोडाचे मूळ कामच उरलेले नाही. उलट त्याला तोंड टेकून किंवा त्याच्या बांधायच्या नाड्यांत अडकून बाळे गुदमरल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. तुमचे लोड उसवा. आतला कापूस आणि वरचे कापड दोन्ही उपयोगी पडतील. हीच गोष्ट उशीची.

गोधडी मात्र पूर्ण करा. तिची जागा पाळणा नाही, जमीन आहे. जागे असताना बाळाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवावे लागते, म्हणजे मान आणि खांदे बळकट होतात, आणि त्या वेळी कुणी मोठे माणूस शेजारी बसलेलेच असते. तिथे हाताने शिवलेल्या गोधडीइतके चांगले अंथरूण नाही. फक्त ती फार फुगीर नको, हाताने दाबली तर फारशी खोल जाऊ नये. तुम्ही भरपूर कापूस घातला आहे, म्हणून अर्धे राहिलेले धावदोरे घालण्याआधी एक कड उसवून तो थोडा कमी करा आणि मग ओळी जवळजवळ घ्या. कापूस धुण्यात गोळा होत नाही आणि पृष्ठभागही सपाट राहतो. टाके लहान ठेवा. लांब टाक्यांत बाळाच्या हातापायाची बोटे अडकतात. वर्ष उलटल्यावर हीच गोधडी पांघरुण म्हणून वापरता येईल, आणि तोवर चार धुण्यांनी ती अधिक मऊही झालेली असेल.

आता तुमच्या दुसऱ्या एका गृहीतकाकडे येते. प्रेमाने आणि घरी केलेली वस्तू आपोआप सुरक्षित असते, असे आपण सगळेच धरून चालतो. प्रत्यक्षात विक्रीच्या खेळण्यांना ज्या चाचण्या द्याव्या लागतात, त्या घरच्या खेळण्यांना कुणीच देत नाही, म्हणून ते काम शिवणाऱ्याने स्वतः अंगावर घ्यावे लागते. तुमच्या सशाचे डोळे हेच उदाहरण घ्या. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतून सुटणारा कोणताही भाग ३१.७ मिमी व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्णपणे मावला, तर तो घशात अडकू शकतो असे मानून ते खेळणे नापास करतात. कोणतेही साधे बटण त्यात सहज मावते. युरोपातील चाचणीत ६ मिमीपेक्षा मोठा असा भाग ९० न्यूटन म्हणजे सुमारे ९ किलो वजनाइतक्या जोराने ओढून पाहतात. दोऱ्याने शिवलेले बटण आज हा ताण सोसेलही, पण वर्षभर चावून, लाळेने भिजून आणि धुऊन दोरा झिजल्यावर सोसेलच असे नाही. म्हणून बटणे काढा आणि डोळे भरतकामाने करा. साखळी टाक्याचा गोल आतून भरून घेतला की काळाभोर, टपोरा डोळा दिसतो आणि सुटण्यासारखे त्यात काहीच राहत नाही. गळ्यातली रिबीन काढून तिच्या जागी शिवूनच टाकलेला कापडी पट्टा लावा. कापूस भरल्यानंतर जिथून तोंड शिवता, ती शिवण दुहेरी घ्या आणि दोन्ही हातांनी ओढून पाहा. फट दिसून आतले पांढरे डोकावले, तर पुन्हा शिवा. असा ससा बाळ जागे असताना खेळायला उत्तम आहे. पाळण्यात मात्र तोही पहिल्या वर्षी नको.

झबल्यांविषयी सविस्तर लिहिते, कारण शिवायला शिकलेली बहुतेक माणसे सुरुवात तिथूनच करतात. मानेशी बांधायची नाडी काढून टाका. युरोपातील मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला नाडी चालत नाही, कारण ती कशाततरी अडकून आवळली जाऊ शकते. पुढून एकावर एक येणारी दोन पाखे आणि कडेला टिचबटणे, अशी रचना तान्ह्या बाळाला सर्वांत सोयीची असते. डोक्यावरून काही घालावे लागत नाही, आणि अर्धवट झोपेतल्या आईबापांना अंधारातही ते लावता येते. टिचबटण जिथे लावाल तिथे कापडामागे दुहेरी पट्टी द्या, नाहीतर ओढताना कापडासकट निघून येते. बाळ जसजसे मोठे होईल, तसतसे ते बटण ओढून बघणारच, हे लक्षात ठेवून शिवा.

आतल्या शिवणींना बाहेरच्या इतकेच महत्त्व द्या. बाळाची त्वचा पातळ असते आणि इंटरलॉक केलेली खरखरीत कड दिवसभर काखेत घासत राहते. त्यासाठी फ्रेंच टीप शिकून घ्या. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पहिली टीप मारायची, माया, म्हणजे टिपेबाहेर उरणारे कापड, ३ मिमीपर्यंत कातरायची, कापड उलटवून पहिली कड आत दडवायची आणि ६ मिमीवर दुसरी टीप मारायची. आतून बाहेरून सारखेच स्वच्छ दिसते आणि एकही सुटा धागा राहत नाही. सुट्या धाग्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण फार थोड्यांना ती माहीत असते. हातमोजे आणि पायमोजे यांच्या आत राहिलेला एक लांब धागा किंवा केससुद्धा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, हळूहळू आवळतो आणि बोटाचा रक्तपुरवठा अडवतो. बाळ कळवळून रडते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मोजे शिवून झाल्यावर उलटे करून उजेडात धरा, धागा न धागा कातरा, आणि वापरणाऱ्यांनाही प्रत्येक धुण्यानंतर आतून पाहायला सांगा.

मापाच्या बाबतीत सगळे उत्साही शिवणारे एकच ठेच खातात. जन्मताना बाळाची लांबी साधारण ५० सेंमी असते आणि वर्षाचे होईपर्यंत ती ७५ सेंमीच्या आसपास जाते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या बाळाला पहिल्या मापाचे झबले काही आठवडेच बसते, आणि त्या मापाचे कपडे प्रत्येक नातेवाईक आणतोच. दोन-तीन झबली लहान मापाची पुरेत. उरलेली सहा महिन्यांच्या पुढची शिवा, बाह्या आणि घेर थोडा सैल ठेवून. गळ्याचे माप घेताना हे लक्षात असू द्या की नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंमी असतो आणि वर्षाच्या बाळाचा सुमारे ४६ सेंमी. डोक्यावरून घालायचा कपडा असेल तर गळा खांद्यावर उघडता आला पाहिजे.

कापड कापण्यापूर्वी धुवा, आणि सुती असेल तर दोनदा. नव्या कापडावर खळ आणि कारखान्यातील प्रक्रियेचे अंश असतात, शिवाय सुती कापड आकसते. बेतल्यावर आकसले तर सगळे मोजमाप वाया जाते. होजिअरीसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई वापरा, कारण साधी टोकदार सुई त्याचे धागे तोडते आणि काही धुण्यांनंतर टिपेच्या रेषेत भोके दिसू लागतात. टोपडी घरात आणि झोपताना घालायची नसतात, कारण बाळ डोक्यावाटेच जास्तीची उष्णता बाहेर टाकते. बाहेर जाताना लागतील म्हणून एक-दोन ठेवा, बाकीच्यांचे कापड दुसरीकडे वापरा.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर जिथे खरोखरच गरज असते तिथे. तान्हे बाळ असलेल्या घरात सर्वांत जास्त काय लागत असेल, तर चौकोनी कापडाचे तुकडे. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेताना खाली टाकायला मलमलीचे चार पदर एकत्र शिवलेले कापड दिवसाकाठी कितीतरी वेळा बदलावे लागते. कुणी ते विकत आणत नाही आणि कुणाजवळ ते पुरेसे नसते. लाळेरीही तशीच. त्यांना मागे नाडी न लावता थोड्या ओढीने सुटणारे टिचबटण लावा आणि झोपवताना लाळेरे काढायचे असते, हे सांगा. लंगोट बदलताना खाली घालायची दुपदरी चटई, बाहेर नेण्यासाठी गुंडाळून बांधता येईल अशी, हीसुद्धा वापरून झिजेपर्यंत उपयोगी पडते.

आणि ताई, वहिनींच्या नियमाला धरून पाळण्यात जाऊ शकणारी एक वस्तू तुम्ही शिवू शकता, ती म्हणजे गादीची चादर. फक्त ती अचूक हवी, कारण सैल चादर गोळा होऊन तोंडावर येऊ शकते. गादीचे माप वहिनींकडून सेंटिमीटरमध्ये मागवा. समजा ते १२० × ६० असून जाडी १० सेंमी आहे. जाडीचे १० आणि खाली दुमडायचे १० धरून चारही बाजूंना २० सेंमी वाढवले, की १६० × १०० सेंमी कापड लागते, कडेच्या नेफ्याची माया वेगळी. चारही कोपऱ्यांतून २० सेंमीचा चौकोन, शिवणीची माया तेवढी सोडून, कापून टाका आणि त्या दोन कडा उभ्या जोडा. कोपरा पेटीसारखा उभा राहतो. मग कडेच्या नेफ्यात सर्वत्र इलॅस्टिक ओवा, केवळ कोपऱ्यांत ओवून थांबू नका. बसवल्यावर वरून चिमटीत धरून उचलून पाहा. चादर सुटून वर आली किंवा सुरकुतली, तर इलॅस्टिक कमी करून पुन्हा बसवा. अशा चार चादरी दिल्यात, तर रात्री ओली चादर बदलताना वहिनींना दर वेळी तुमची आठवण येईल.

एक इशारा, जो तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही आहे. गाडीतल्या बाळाच्या आसनासाठी जाड अस्तर, मानेची उशी किंवा पट्ट्यांची आवरणे घरी शिवू नका, त्यांचा बेतायचा नमुना कितीही सोपा दिसला तरी. ती आसने जशी असतात तशीच तपासलेली असतात आणि धक्क्याच्या वेळी मधले मऊ कापड दाबले गेले की पट्टा सैल पडतो.

वहिनींच्या पाठीमागून भावाला मध्यस्थ करू नका. त्याने समजूत घातली आणि वहिनी गप्प बसल्या, तर नव्या आईच्या पहिल्याच ठाम निर्णयावर तिच्याच घरात मात झाल्यासारखे होईल. सगळे न बोलता नेऊन दिले, तर ते कपाटात पडेल आणि दर भेटीत तुमची नजर पाळण्याकडे जाईल. दोघींनाही ते नको. त्याऐवजी थेट लिहा. काहीसे असे: "वहिनी, पाळण्याचा तुमचा नियम मला पटला आहे. लोड आणि उशी मी उसवते आहे. गोधडी जमिनीवर अंथरण्यासाठी पूर्ण करू का? गादीचे माप पाठवलेत तर चादरी शिवेन. आणखी काय उपयोगी पडेल ते मोकळेपणाने सांगा, काही नको असेल तर तेही सांगा." या शेवटच्या वाक्याने त्यांची मोठी अडचण दूर होईल, कारण नको म्हणणे नव्या आईला नेहमीच अवघड जाते. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे, त्या वाचकांनाही माझे सांगणे आहे की कुणी तुमच्यासाठी शिवत आहे असे कळले, तर पहिल्याच आठवड्यात माप, रंग आणि नियम सांगून टाका. वस्तू तयार झाल्यावर सांगितलेले कितीही गोड शब्दांत असले तरी बोचते.

वहिनींसाठीही काही शिवाल का? पुढून उघडणारा, पाजायला सोयीचा सैल अंगरखा त्यांना पहिल्या महिन्यांत फार उपयोगी पडेल. त्या दिवसांत सगळ्या भेटवस्तू बाळालाच येतात.

तुमच्या मुलाला कापडी पुस्तक करू द्या. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंमीपर्यंतचेच जरा नीट दिसते आणि ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्या त्याला सर्वांत आधी भुरळ घालतात. मुलाने कागदावर जाड काळ्या रेषांची मासा, सूर्य, घर अशी चित्रे काढावीत, तुम्ही ती काळ्या कापडातून कापून पांढऱ्या पानांवर चारही बाजूंनी शिवावीत. एखाद्या पानावर किलतान, एखाद्यावर मखमल लावली की पुढे बोटांनी चाचपायलाही होईल. सहा पानांचे पुस्तक पुरे. मुलाला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई आणि जाळीदार कापड द्या, आणि शिवायला बसताना टाचण्या व सुया मोजून डबीत ठेवा, उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली, तरी ती सापडल्याशिवाय ते पुस्तक वहिनींकडे पाठवू नका.